एकच विद्यार्थी, तीन डेटाबेस: नोंद सामाईक ठेवावी कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षण संस्थेच्या चार शाळा आहेत. प्रवेशाचा एक आणि शुल्काचा एक असे दोन डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या एकाच सर्व्हरवर आहेत, तर ग्रंथालय कोहा या मुक्त प्रणालीवर चालते आणि तिच्या नोंदी मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत राहतात. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि पालकांचा मोबाइल क्रमांक ही माहिती तिन्ही ठिकाणी वेगवेगळी भरली जाते. राजपत्रात नाव बदलून घेतलेल्या एका विद्यार्थिनीची नोंद प्रवेश विभागाने दुरुस्त केली, पण शुल्काची पावती जुन्याच आडनावाने निघाली. रोज रात्री नोंदींची नक्कल करणारी स्क्रिप्ट लावून पाहिली, तर तिने शुल्क विभागाने दिवसभरात बदललेले मोबाइल क्रमांक पुसून टाकले. नोंदी सर्वांना वापरता याव्यात, पण त्यांच्या प्रती निघू नयेत, हे कसे साधावे?

माझे उत्तर असे: प्रवेश आणि शुल्क हे दोन डेटाबेस वेगळे ठेवण्याचे कारण तुमच्या वर्णनात कोठेही दिसत नाही, त्यामुळे ते एका डेटाबेसमधील दोन स्कीमा (टेबलांचे नाव दिलेले वेगळे गट) करावेत. ग्रंथालयात प्रत राहणारच, ती एकतर्फी असावी. मात्र ही दोन्ही कामे हाती घेण्याआधी कोणत्या माहितीचा मालक कोण हे लिहून काढावे लागेल, कारण तुमची रात्रीची स्क्रिप्ट तांत्रिक दोषामुळे बिघडलेली नाही. एकच कॉलम दोन विभाग लिहीत होते आणि शेवटी जो लिहील त्याचे खरे, असा अलिखित नियम त्यातून तयार झाला होता. स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवली असती, तरी हेच घडले असते.

मालकी टेबलावार न ठरवता कॉलमवार ठरवावी. नाव, जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक यांचा मालक प्रवेश विभाग, यात वाद नाही, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्याच नोंदीवरून निघतो. मोबाइल क्रमांकाचे तसे नाही. पालक प्रवेशानंतर त्या खिडकीकडे फारसे फिरकत नाहीत, शुल्क भरायला मात्र दर सत्राला येतात, त्यामुळे ताजा क्रमांक शुल्क विभागाकडेच असतो. मग मोबाइलची मालकी त्यांना द्यावी आणि प्रवेश विभागाने तो केवळ वाचावा. इयत्ता आणि तुकडी ही तर विद्यार्थ्याची माहितीच नव्हे; ती विद्यार्थी आणि शैक्षणिक वर्ष यांच्या जोडीची माहिती आहे आणि तिचे वेगळे टेबल हवे. विद्यार्थ्याच्या टेबलात इयत्तेचा कॉलम असला की दर जूनमध्ये सगळ्या नोंदी बदलाव्या लागतात आणि मागील वर्षीचा विद्यार्थी कोणत्या तुकडीत होता हे सांगता येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण पुनरावृत्ती टाळण्याच्या उत्साहात ती हमखास सुटते. दोन ठिकाणी सारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. पावती ज्या दिवशी दिली त्या दिवशी तिच्यावर जे नाव आणि जो शुल्काचा दर छापला, तो त्या पावतीचा स्वतःचा मजकूर आहे. तो पावतीच्या टेबलातच साठवावा. तेथे फक्त विद्यार्थ्याचा क्रमांक ठेवून नाव दरवेळी मूळ नोंदीतून आणले, तर तीन वर्षांनी काढलेली दुय्यम प्रत मूळ पावतीशी जुळणार नाही आणि लेखापरीक्षक नेमके त्यावरच बोट ठेवील. उलट थकबाकीची यादी काढताना नाव मूळ नोंदीतूनच यावे. कसोटी सोपी आहे: मूळ नोंद बदलल्यावर हे मूल्यही बदलायला हवे का? उत्तर होय असेल तर प्रत ठेवू नये, नाही असेल तर प्रत ठेवलीच पाहिजे.

सामाईक नोंदीचा आधार म्हणजे तिची ‘की’, ती नोंद एकमेव ओळखणारा क्रमांक. जनरल रजिस्टरचा क्रमांक त्यासाठी पुरत नाही, कारण चारही शाळांचे रजिस्टर स्वतंत्र असल्यामुळे तोच क्रमांक चार वेगवेगळ्या मुलांना असू शकतो. त्याला शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शासनाने शाळेला दिलेला ओळख क्रमांक) जोडला तर जोडी एकमेव होते खरी, पण विद्यार्थी संस्थेच्या एका शाळेतून दुसरीत गेला की त्याला नवा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि तुमच्या लेखी तो नवा माणूस ठरतो. आधार क्रमांकाला की बनवण्याचा मोह टाळावा. प्रवेशाच्या दिवशी तो प्रत्येक मुलाकडे असतोच असे नाही, आणि की म्हणून वापरलेला क्रमांक प्रत्येक टेबलात, लॉगमध्ये आणि बॅकअपमध्ये पसरतो. इतक्या संवेदनशील क्रमांकाचा असा पसारा नंतर आवरता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या स्कीमात प्रणालीने दिलेला, स्वतःचा काही अर्थ नसलेला विद्यार्थी क्रमांक असावा आणि इतर सर्व ठिकाणी तोच जावा. रजिस्टर क्रमांक, यूडायस, आधार हे त्या नोंदीचे गुणधर्म म्हणून राहतील. या क्रमांकाची प्रत सर्वत्र असणार आहे आणि सर्वत्र प्रत असावी अशी ती एकच गोष्ट आहे.

आता एकत्रीकरणाविषयी. पोस्टग्रेसमध्ये जोडणी एका वेळी एकाच डेटाबेसशी होते आणि क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) दुसऱ्या डेटाबेसचे नाव लिहिले तर ही सोय उपलब्ध नाही अशी सरळ त्रुटी येते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीवरून आलेल्यांचा येथे गोंधळ होतो, कारण तेथे ज्याला डेटाबेस म्हणतात ते पोस्टग्रेसच्या भाषेत स्कीमाच असते. दोन डेटाबेसमधील टेबलांचे जॉइन (टेबले जोडून एकत्र वाचणे) तेथे सहज होते आणि इनोडीबी या तिच्या साठवण यंत्रणेत त्यांच्या दरम्यान फॉरेन कीसुद्धा (एका टेबलातील क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे, हे बंधन) घालता येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तीन भागांचे नाव लिहून दुसऱ्या डेटाबेसमधील टेबल वाचता येते, पण फॉरेन की घालता येत नाही. तुमच्यापैकी कोणी मायएसक्यूएलची सवय घेऊन ‘प्रत्येक विभागाला एक डेटाबेस’ असे ठरवले असेल, तर त्याचे पोस्टग्रेसमधील योग्य रूप ‘प्रत्येक विभागाला एक स्कीमा’ हे होते.

बदल करण्याची रीत अवघड नाही. शुल्काच्या डेटाबेसची एक प्रत घ्यावी आणि त्या प्रतीत ‘पब्लिक’ स्कीमाचे नाव बदलून ‘शुल्क’ करावे. तिचा पीजीडंप (पोस्टग्रेसच्या साधनाने काढलेली निर्यात फाइल) काढून तो प्रवेशाच्या डेटाबेसमध्ये भरावा. व्ह्यू (टेबलांवरची साठवून ठेवलेली क्वेरी) आणि इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) यांना नावबदलाचा त्रास होत नाही, कारण ते आतून ओळख क्रमांकाने बांधलेले असतात. फंक्शनच्या मजकुरात कोणी ‘पब्लिक’ असे स्कीमाचे नाव लिहून ठेवले असेल तर ते मात्र तसेच राहते आणि फंक्शन पहिल्यांदा चालेल त्या दिवशी फुटते, म्हणून ती आधी शोधून काढावीत. दोन्ही डेटाबेसमध्ये एकच एक्स्टेंशन (जोड सुविधा) बसवलेले असेल तर तेही आधी पाहावे. शुल्काच्या रोलला (डेटाबेसमधील वापरकर्त्याला) ‘सर्च पाथ’, म्हणजे टेबल कोणत्या स्कीमात शोधायचे तो क्रम, नेमून दिला की अॅप्लिकेशनमधील बहुतेक क्वेरी न बदलता चालतात. बदलतो तो फक्त जोडणीतील डेटाबेसचा पत्ता.

यानंतर खरा लाभ पदरात पडतो तो फॉरेन कीचा. शुल्काच्या प्रत्येक नोंदीतील विद्यार्थी क्रमांक प्रवेशाच्या टेबलात असलाच पाहिजे, ही जबाबदारी स्क्रिप्टकडून डेटाबेसकडे जाते. जुन्या माहितीत अनाथ नोंदी, म्हणजे ज्यांचा विद्यार्थी प्रवेशाच्या टेबलात नाही अशा, निघणारच, म्हणून फॉरेन की आधी ‘नॉट व्हॅलिड’ या पर्यायाने घालावी: नव्या नोंदींवर ती लगेच लागू होते आणि जुन्या नोंदी तूर्त तपासल्या जात नाहीत. त्या सवडीने निस्तराव्यात आणि मग ‘व्हॅलिडेट’ करावे. शुल्काच्या टेबलांचा जो मालक रोल असेल, त्याला विद्यार्थ्यांच्या टेबलावर ‘रेफरन्सेस’चा अधिकार द्यावा लागतो. संदर्भ देणाऱ्या कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स तयार करत नाही हेही लक्षात असू द्यावे. तो नसला की एक विद्यार्थी काढताना शुल्काचे संपूर्ण टेबल चाळले जाते.

‘सगळे एकत्र केले तर शुल्काचे लोक प्रवेशाच्या नोंदी बघतील’ ही शंका नेहमी येते. अधिकार स्कीमा, टेबल आणि कॉलम या तिन्ही पातळ्यांवर देता येतात. मी प्रवेशाच्या मूळ टेबलांवर दुसऱ्या विभागाला वाचण्याचा अधिकार देतच नाही. ‘सामाईक’ नावाची वेगळी स्कीमा करून तिच्यात विद्यार्थी क्रमांक, नाव, जन्मतारीख आणि चालू तुकडी एवढ्याच कॉलमचा एक व्ह्यू ठेवतो आणि अधिकार त्या व्ह्यूवर देतो. जात, आधार, वैद्यकीय टिपणे हे कॉलम त्यात नसतातच. पुढे प्रवेश विभागाने आपले टेबल तोडून दोन केले, तरी व्ह्यू तोच राहतो आणि शुल्काच्या अॅप्लिकेशनला त्याची वार्ताही लागत नाही.

दुसरी शंका बॅकअपची. एका स्कीमाचा पीजीडंप वेगळा काढता येतो. विशिष्ट क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय मात्र पोस्टग्रेसमध्ये संपूर्ण क्लस्टरला (सर्व्हरवरील सर्व डेटाबेसना) मिळून असते, त्यामुळे दोन डेटाबेस एकाच सर्व्हरवर वेगळे असतानाही फक्त शुल्क तेवढे काल दुपारच्या स्थितीत नेता येत नव्हते. एकत्रीकरणामुळे तुम्ही ही सोय गमावत नाही. ती मुळातच तुमच्याकडे नव्हती.

एकत्रीकरण शक्यच नसेल, उदाहरणार्थ शुल्काची प्रणाली बाहेरच्या पुरवठादाराच्या देखभालीत असून तो स्कीमा बदलायला तयार नसेल, तर फॉरेन डेटा रॅपरचा मार्ग उरतो. २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसबरोबरच त्याचा स्वतःचा रॅपर मिळतो. प्रवेशाच्या डेटाबेसमधील ‘सामाईक’ व्ह्यू शुल्काच्या डेटाबेसमध्ये फॉरेन टेबल म्हणून दिसतो. माहिती जागची हलत नाही, क्वेरी तेथे जाते आणि उत्तर घेऊन येते. प्रत होत नाही, हा त्याचा गुण. पण त्याच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात.

पहिली मर्यादा ही की फॉरेन टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की घालता येत नाही. म्हणजे अनाथ नोंदी शोधणारी क्वेरी तुम्हाला रोज चालवावी लागेल आणि तिचा निकाल कोणाला तरी वाचावा लागेल. दुसरी मर्यादा लेखनाची. फॉरेन टेबलावर लिहिता येते, पण दोन्ही बाजू मिळून एकच अखंड ट्रान्झॅक्शन (पूर्ण होणारा किंवा पूर्ण रद्द होणारा व्यवहार) होईल याची हमी नाही: दूरची बाजू आधी कमिट (पक्की) होते आणि नंतर स्थानिक, त्यामुळे मधल्या क्षणी स्थानिक बाजू कोसळली तर दूरचे लिखाण टिकते आणि इथले नाहीसे होते. म्हणून सर्व्हरच्या व्याख्येत ‘अपडेटेबल’ हा पर्याय बंद करून ठेवावा आणि शिवाय रोललाही फक्त वाचण्याचाच अधिकार द्यावा. तिसरी गोष्ट गतीची. क्वेरीतील अट दूरच्या बाजूला पाठवता आली तर मोजक्याच नोंदी येतात. पाठवता आली नाही तर संपूर्ण टेबल, मूळ मांडणीप्रमाणे १००-१०० नोंदींच्या गठ्ठ्यांनी, इकडे ओढले जाते आणि अट येथे तपासली जाते. तुम्ही स्वतः लिहिलेले फंक्शन अटीत वापरले की हमखास हेच घडते. ‘एक्स्प्लेन व्हर्बोज’ चालवून ‘रिमोट एसक्यूएल’ या ओळीत तुमची अट दिसते का, एवढे पाहिले तरी निदान होते. जॉइन दूर पाठवण्याची सोय ९.६ आवृत्तीत आणि बेरजा, गणना दूर करून घेण्याची सोय १० व्या आवृत्तीत आली, तेव्हा त्याहून जुन्या सर्व्हरवर या रॅपरकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

सर्व्हर दोन वेगळ्या इमारतींत असतील आणि मधली जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर रॅपरही चालणार नाही, कारण प्रवेशाचा सर्व्हर बंद असताना शुल्काची खिडकी बंद पडणे परवडत नाही. अशा वेळी १० व्या आवृत्तीपासून असलेले लॉजिकल रेप्लिकेशन (टेबलातील बदल दुसऱ्या सर्व्हरकडे आपोआप पाठवत राहणे) वापरावे. ही प्रत आहे हे मान्यच, पण ती डेटाबेस स्वतः सांभाळतो आणि तिची दिशा एकच असते. १५ व्या आवृत्तीपासून निवडक कॉलम आणि निवडक ओळीच पाठवता येतात, त्यामुळे विद्यार्थ्यांचे संपूर्ण टेबल द्यावे लागत नाही. घेणाऱ्या बाजूचे टेबल लिहिण्यायोग्यच राहते, तेव्हा तेथील लेखनाचे अधिकार काढून घेणे तुमच्याकडे लागले. आणि घेणारा सर्व्हर दीर्घकाळ बंद राहिला तर देणारा त्याच्यासाठी बदलांचा लॉग साठवत राहतो आणि डिस्क भरते. मे महिन्याच्या सुट्टीत यंत्रे बंद करून जाणाऱ्या शाळांत हे व्हायला वेळ लागत नाही. १३ व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते, ती घालावी.

कोहाच्या बाबतीत भूमिका वेगळी ठेवावी लागते. ती तयार प्रणाली आहे, तिची टेबले तुमची नाहीत आणि पुढच्या आवृत्तीत ती बदलू शकतात. मारियाडीबीत थेट लिहिण्याची वाट धरू नये. प्रवेशाच्या ‘सामाईक’ व्ह्यूमधून फाइल काढून ती कोहाच्या सभासद-आयात सुविधेने भरावी आणि जुळवणी विद्यार्थी क्रमांकावर करावी. तो क्रमांक सभासद कार्डाचा क्रमांक म्हणून ठेवता येतो किंवा सभासदाचा अतिरिक्त, एकमेव गुणधर्म म्हणूनही. फाइलमध्ये प्रवेश विभागाच्या मालकीचे कॉलमच असावेत. ग्रंथपालांना नावात चूक दिसली तर त्यांनी ती तेथे न सुधारता प्रवेश विभागाला कळवावी, असा लेखी नियम करावा, कारण तेथे केलेली दुरुस्ती पुढच्या आयातीत नाहीशी होणारच आहे. उलट दिशेने काही साठवू नये. दाखला देताना ग्रंथालयाची बाकी हवी असते, ती त्या क्षणी कोहाच्या एपीआयकडे (एका प्रणालीने दुसरीला विचारण्याची सोय) विचारावी. कालची बाकी आज खरी असेलच असे नाही आणि तेवढ्यासाठी विद्यार्थी दोन खेटे घालतो.

आता सर्वांत कष्टाचे काम: आज तिन्ही ठिकाणी असलेल्या नोंदी एकमेकींशी जुळवणे. नावावर विसंबून हे करू नये, आणि देवनागरी नावांवर तर नाहीच. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. एका कीबोर्डवर ते ‘ऱ’ हे अक्षर, हलन्त आणि ‘ह’ असे टंकले जाते. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि मग ‘ह’. तिसऱ्यावर ‘र’खाली नुक्ता देऊन. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, तुलनेत तिन्ही वेगळी ठरतात. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून असलेले ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन पहिले आणि तिसरे रूप एक करते, पण जोडक असलेल्या रूपाला ते हात लावत नाही. त्यासाठी ‘र’, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. असे साफसूफ केलेले नाव प्रवेशाच्या टेबलातच जनरेटेड कॉलममध्ये (डेटाबेस स्वतः गणून भरतो तो) ठेवावे आणि व्ह्यूतून ते द्यावे. ते फंक्शन वाचणाऱ्या बाजूच्या अटीत वापरले तर रॅपरबद्दल वर सांगितलेली संपूर्ण टेबल ओढण्याची आपत्ती ओढवते. शिवाय आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव हे तीन कॉलम वेगळे हवेत, कारण एका विभागात आडनाव आधी आणि दुसऱ्यात शेवटी लिहिण्याची प्रथा असतेच.

जुळवणी शाळा आणि रजिस्टर क्रमांक यांच्या जोडीने सुरू करावी, जन्मतारखेने पडताळावी आणि नावाचा उपयोग शेवटी, शंकास्पद जोड्या माणसापुढे ठेवण्यासाठी करावा. आपोआप जुळलेल्या प्रत्येक जोडीपुढे ती कोणत्या नियमाने जुळली ते लिहून ठेवावे. एखादा नियम सैल निघाला तर तेवढ्याच जोड्या मागे घेता येतात. नावातील बदलासाठी स्वतंत्र इतिहास टेबल ठेवावे, ज्यात जुने नाव, नवे नाव, राजपत्राचा दिनांक आणि नोंद करणाऱ्याचा रोल असेल. सातबाऱ्यावरचा प्रत्येक बदल जसा फेरफार क्रमांकाशी जोडलेला असतो, तसा येथे सध्याचे नाव कोणत्या नोंदीने आले हे सांगता आले पाहिजे.

या कामात एकाच मुलाचे दोन विद्यार्थी क्रमांक निघतील, विशेषतः प्राथमिक शाळेतून संस्थेच्याच माध्यमिक शाळेत आलेल्यांचे. त्यातला एक क्रमांक काढून टाकू नये. जुन्या क्रमांकाच्या ओळीत ‘विलीन’ असा कॉलम ठेवून त्यात कायम राहणारा क्रमांक लिहावा, शुल्काच्या आणि तुकड्यांच्या नोंदी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नव्या क्रमांकाकडे वळवाव्यात आणि कोहातील दोन सभासद तेथील विलीनीकरणाच्या सोयीने एक करावेत. छापून दिलेल्या पावत्यांवर आणि ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांवर तो जुना क्रमांक राहणारच आहे, त्यामुळे ‘सामाईक’ स्कीमात एक लहानसे फंक्शन असावे, जे कोणताही क्रमांक दिल्यावर सध्याचा क्रमांक परत करील, आणि खिडकीवरील शोध त्या फंक्शनमधूनच जावा.